गाडी सोडण्याआधी तिथी बघा: मुंबई दर्शन घडवणाऱ्यांना खुले पत्र

मुंबई दर्शनाच्या सहली काढणारे संयोजक, बसमालक आणि गाइड मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी शिवडीची. वडील गोदीत कामाला होते, शाळा इथलीच, आणि लग्नानंतरही मी परळच्या पलीकडे गेले नाही. शिवडीच्या धक्क्यावर फ्लेमिंगो यायला लागले तेव्हापासून मी ते बघत आले आहे. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी धक्क्यावर जाऊन यायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता आहे. म्हणून गेली दोन-तीन वर्षं तुमच्या जाहिरातींत 'मुंबई दर्शन आणि फ्लेमिंगो, एकाच दिवसात' असं वाचलं की मला मनापासून बरं वाटायचं. आपल्या शहरात माणसांच्या इमारतींइतकंच बघण्यासारखं काही चिखलात उभं आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असं वाटायचं.

या वर्षी माघात माझी आत्या करमाळ्याहून आली. वय सत्तरीच्या पुढे, सोबत तिची नऊ वर्षांची नात. त्या दोघींना घेऊन मी अशाच एका सहलीला गेले. कुणाची गाडी, ते सांगत नाही. माझं भांडण एका मालकाशी नाही, सगळ्यांकडेच मागणं आहे.

सकाळी सातला दादरहून निघालो. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, राणीची बाग. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, कुठे अर्धा तास. चढा, उतरा, फोटो काढा, चढा. चार वाजता गाडी शिवडीच्या धक्क्याला लागली. समोर पाणीच पाणी. तिवरांच्या बुंध्यांपर्यंत चढलेलं, शांत, राखाडी पाणी. एकही पक्षी नाही. गाइड मुलगा चांगला होता, घसा बसेपर्यंत दिवसभर माहिती सांगत होता. तो म्हणाला, "आज फ्लेमिंगो आलेले नाहीत, आपलं नशीब." दहा मिनिटांत गाडी वळली. नातीने खिडकीतून मागे बघत विचारलं, "मावशी, ते उद्या येणार आहेत का?"

ते आलेले होते. त्या वेळी तिथे नसणारच होते, एवढंच. त्या दिवशी वद्य पंचमी होती आणि पंचमीला शिवडीला चारच्या सुमारास भरती भरलेली असते. शिवडी कोळीवाड्यातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने हे आदल्या महिन्यातच सांगितलं असतं.

हिशोब फार सोपा आहे, मी तो लहानपणी बाजारात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, विकायला बसणाऱ्या एका कोळीण मावशीकडून शिकले. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन: पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती, सकाळी नऊला आणि रात्री नऊला ओहोटी. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास इकडेतिकडे होतं, पण सहलीची गाडी केव्हा आणायची हे ठरवायला एवढं पुरे. नेमकी वेळ हवी असेल तर छापील तक्ते आहेत, फोनवरही मिळते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी हे आत्याला सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि डोळे मिटून सुरू झाली: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. पाऊणकी! शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेली, साठ वर्षांत एकदाही उपयोगी न पडलेली. "मग उद्या षष्ठी," ती म्हणाली, "सहा पाऊण साडेचार. म्हणजे साडेदहाला ओहोटी. सकाळी जायला पाहिजे."

करमाळ्याच्या बाईने, जिने त्या दिवसापर्यंत भरती-ओहोटी धड पाहिलीही नव्हती, तिने एका मिनिटात वेळ काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही टॅक्सी करून साडेसातच्या आधी धक्क्यावर पोचलो. पाणी उतरायला लागून तीन तास झाले होते. चिखल उघडा पडत होता आणि त्यावर, पाण्याच्या कडेकडेने, ते उभे होते. किती, ते मी मोजलं नाही. डावीकडे तेलाच्या टाक्यांपासून उजवीकडे अटल सेतूच्या खांबांपर्यंत गुलाबी पट्टा होता. सगळ्यांच्या माना खाली. चोच उलटी करून चिखलपाणी गाळत, पाय नाचवत पुढे सरकत. आणि एक आवाज, लांबून बदकांच्या थव्यासारखा, सतत चालू.

आत्याने उजनीच्या पाणलोटात हे पक्षी पाहिलेले आहेत. ती लगेच म्हणाली, "आमच्याकडचे उंच असतात, पांढरट. हे बुटके, पण रंग बघ." बरोबर होतं तिचं. उजनीला येतो तो मोठा रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), साडेचार-पाच फुटांपर्यंत उंच, गुलाबी चोचीचं टोक काळं. शिवडीला जास्त करून लहान रोहित असतो, तीन फुटांच्या आतबाहेर, चोच गडद लालसर. चिखलातल्या शेवाळावर तो जगतो आणि त्या शेवाळातूनच त्याला हा रंग मिळतो. नातीला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, मग करड्या रंगाचे आहेत ते कोण? ती पिल्लं. रंग चढायला त्यांना काही वर्षं लागतात. कच्छच्या रणात जन्मतात आणि इथे येऊन खातात. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या तिला दिसल्या, शेकाट्या दिसले, तुतवार दिसले, आणि तिथून हल म्हणून शेवटी तिच्या आईला फोनवरून सांगावं लागलं.

आदल्या दिवशीच्या सहलीतल्या चाळीस माणसांना हे मिळायला हवं होतं. त्यांनी पैसे त्यासाठीच भरले होते. त्यात सांगलीचं एक कुटुंब होतं, नागपूरचे दोन निवृत्त शिक्षक होते. ते आता आपापल्या गावी सांगत असतील की मुंबईत फ्लेमिंगो वगैरे काही नाही, सगळं जाहिरातीपुरतं. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एकच आहे: ज्या दिवशी सहलीत खाडी असेल, त्या दिवसाचं वेळापत्रक भरती-ओहोटीवर बांधा आणि बाकीचं शहर त्याच्या भोवती लावा. गेटवे चार वाजताही तिथेच असतो. तो 1924 पासून तिथेच आहे. म्हातारीचा बूट कुठे जात नाही. खाडी मात्र रोज पाऊण तासाने, जराशी अधिकच, पुढे सरकते. आज सकाळी आठला जे दिसलं ते चार दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असेल. तुम्ही 'दुपारी 4 ते 4.30, शिवडी' असं वर्षभरासाठी छापून ठेवता, तिथेच सहल फसते.

शिवडीला पूर्ण ओहोटीही उपयोगाची नाही, हे ध्यानात घ्या. पाणी पार आत गेलं की पक्षीही त्याच्यामागे आत जातात आणि धक्क्यावरून नुसते ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला ते उडून जातात. मधला काळ धरायचा: भरतीच्या आधी तीन ते दोन तास, किंवा भरतीनंतर दोन ते तीन तास. त्यातही पाणी चढत असताना जास्त चांगलं, कारण पाणी पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, हे भराभर होतं. तास-दीड तासात चित्र बदलतं. भांगेच्या दिवसांत, अष्टमीच्या आगेमागे, पाणी संथ असतं आणि नवख्या माणसाला निवांत बघता येतं. म्हाताऱ्या माणसांची, लहान मुलांची सहल असेल तर भांगेचे दिवस निवडा.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं जुळवून शहर दाखवायचं कधी? जुळतं. मी बसून मांडून पाहिलं आहे.

षष्ठी, सप्तमी किंवा अष्टमी धरा. पहाटे साडेचार ते सहाच्या दरम्यान भरती, म्हणजे साडेसात ते नऊ शिवडी. तिथून पायी शिवडीचा किल्ला. तुमच्या एकाही गाडीला मी तिथे थांबलेलं पाहिलं नाही. 1680 मध्ये इंग्रजांनी बांधला आणि 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाचं सैन्य याच किनाऱ्यावर उतरलं. तटावर उभं राहिलं की ही खाडी, त्या पलीकडे नवी मुंबई, पूल, गोदी असं सगळं एका नजरेत येतं. मुंबई बेट होती आणि तिला पूर्वेकडूनही दार होतं, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. मग दहा वाजता भायखळा. राणीच्या बागेत सगळे थांबता, पण शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात थोडेच. 1872 मध्ये लोकांसाठी उघडलेलं हे संग्रहालय आहे, आणि त्याच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. जेवण करून दुपारी सीएसएमटी, फोर्ट, ओव्हल मैदान. 2004 मध्ये स्थानकाला आणि 2018 मध्ये मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दुपारच्या उन्हात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथे पक्ष्यांचं दालनही आहे. सकाळी जिवंत पाहिलेलं तिथे शांतपणे नीट बघता येतं. संध्याकाळी गेटवे. सहा थांबे झाले. तुमच्या पत्रकावर चौदा असतात, पण त्यातल्या किती ठिकाणी माणूस खरंच काही बघतो, तुम्हीच सांगा. (बुधवार मात्र टाळा, राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड दोन्ही बंद असतात.)

पौर्णिमा-अमावास्येला सकाळी आठ-साडेआठला पाणी चढत असतं; तेव्हाही शिवडी सकाळीच. द्वादशी-त्रयोदशीला मात्र भरती नऊ-पावणेदहाला, त्या दिवशी शिवडी दुपारी बारानंतर ठेवा आणि शहर आधी घ्या.

ज्यांना जंगलाची ओढ आहे त्यांच्यासाठी दुसरा दिवस वेगळा करा: कान्हेरी आणि ऐरोली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तुमच्या गाड्या जातात ते सिंह-वाघांच्या सफारीसाठी. मला ती कधी आवडली नाही. पिंजऱ्यात सांभाळलेला वाघ जाळीच्या गाडीतून बघणं म्हणजे वन्यजीव बघणं नव्हे, आणि मुलांना तसं सांगूही नये. त्याच उद्यानात, 104 चौरस किलोमीटरच्या जंगलात, मोकळे बिबटे राहतात. दिसणार नाहीत कदाचित, पण ते आहेत, हे ठाऊक असून त्या रस्त्याने सकाळी जाणं यात वेगळीच धडधड असते. त्या रस्त्याच्या टोकाला शंभरावर लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीपासून हजारभर वर्षं खोदत नेलेली. तिथल्या जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी पाण्याची टाकी आहे. शिलालेखांत तिला 'पोढी' म्हटलं आहे, आणि कल्याणच्या, सोपाऱ्याच्या माणसांनी ती दान दिल्याचं दगडावर कोरलं आहे. डोंगरावरचा पाऊस खडकातल्या पन्हळींतून त्या टाक्यांत कसा उतरवला आहे, ते गाइडने बोट ठेवून दाखवावं. मुंबईला आज पाणी जातं त्या विहार आणि तुळशी तलावांचं पाणलोटही याच जंगलात आहे, हेही तिथेच सांगता येतं. सोमवारी उद्यान बंद असतं. आणि खाण्याच्या पिशव्या गाडीतच ठेवायला सांगा, माकडं हातातून नेतात.

कान्हेरीहून उतरून पवईमार्गे ऐरोलीचा पूल ओलांडला की किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. तिथून वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या होड्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात जातात. 2015 मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य, सुमारे 1690 हेक्टर. त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन. 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. त्या होड्यांच्या वेळा रोज बदलतात, कारण होडीला पाणी लागतं आणि पक्ष्यांना चिखल. सरकारी केंद्राला हे जमतं, मग तुम्हाला का जमू नये? ऐरोली खाडीत आत असल्यामुळे तिथे भरती शिवडीपेक्षा थोडी उशिरा पोचते, तेवढं धरून आधी नोंदणी करा.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या गाइडने आठवणीने सांगावी असं मला वाटतं. भरतीला पक्षी जातात कुठे? नवी मुंबईच्या बाजूला, नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांत. तिथे उथळ पाण्यात एका पायावर उभे राहून ते पाणी उतरायची वाट बघतात. म्हणजे शिवडीला पक्षी दिसायचे तर नेरूळचं तळं जगायला पाहिजे. 2024 च्या उन्हाळ्यात तिथलं एक तळं कोरडं पडलं, पक्षी सैरभैर झाले, काही दगावले. त्याच मे महिन्यात, 20 तारखेच्या रात्री, घाटकोपरला विमानाची धडक बसून 39 फ्लेमिंगो मेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोटो बघून मी स्वयंपाक करू शकले नाही. तुम्ही वर्षाला हजारो माणसं या खाडीवर आणता. त्यांच्यापैकी प्रत्येकाला हे कळलं, तर या जागांच्या बाजूने बोलणारी माणसं सोलापुरात, जळगावात, रत्नागिरीत तयार होतील. आमच्यासारख्या शिवडीच्या चार लोकांनी बोलून किती होणार.

धक्क्यावर वागायचं कसं, यावर मी फार लिहीत नाही, पण जे पाहिलं ते सांगते. गाडीचा हॉर्न वाजवून पक्षी उडवलेले मी पाहिले आहेत, कारण उडालेल्या थव्याचा फोटो चांगला येतो. ड्रोन पाहिला आहे. चिखलात दगड मारणारी मुलं, आणि त्यांना न अडवणारे मोठे, पाहिले आहेत. एकदा उडाले की त्यांचा खाण्याचा वेळ गेला. भरतीच्या आत पोट भरायचं असतं त्यांना, कच्छपर्यंत परत जायचं असतं. घारापुरीच्या लाँचवर कुरवांना (सीगल पक्ष्यांना) गाठ्या आणि कुरकुरे फेकतात, तेही बंद करायला तुमच्या माणसाने सांगितलं तर लोक ऐकतात. गाडीत दोन-चार दुर्बिणी ठेवा, आळीपाळीने द्या. आणि शिवडी कोळीवाड्यातली, ऐरोली आणि दिवाळे गावची पोरं गाइड म्हणून घ्या. त्यांना तिथी पाठ असते, वारा कळतो, कुठल्या टोकाला आज पक्षी असतील हे त्यांना न विचारता सांगता येतं.

अटल सेतूचं काम चालू होतं ती काही वर्षं शिवडीचे पक्षी खूप कमी झाले होते. आम्हाला वाटलं, संपलं. मग 2024 च्या जानेवारीत पूल सुरू झाला, आणि पुढच्या हिवाळ्यांत आम्ही पुन्हा धक्क्यावर जाऊन मोजत राहिलो, आज किती, या रविवारी किती. तुमची गाडी त्या पुलावरून ताशी शंभरने जाते तेव्हा गाइड म्हणतो, 'खाली फ्लेमिंगो असतात.' पुलावर थांबायला परवानगी नाही, खरं आहे. पण मग ते वाक्य तिथे नको, धक्क्यावर हवं.

पावसाळ्यात मात्र फ्लेमिंगोच्या नावाने सहल काढू नका. जूनपासून ते नसतात. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत थांबावं लागतं. जाहिरातीत महिने स्पष्ट लिहा, आणि बरोबर तिथीही लिहा. 'शुद्ध सप्तमी, शिवडी सकाळी 8' असं पत्रकावर छापलेलं बघायला मला फार आवडेल. आत्यालाही.

मी पुढच्या मोसमाचा, मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतचा, प्रत्येक शनिवार-रविवारची तिथी आणि शिवडीची योग्य वेळ लिहिलेला तक्ता हाताने करायला घेतला आहे. पूर्ण झाला की ज्याला हवा त्याला देईन, पैसे नकोत. मोसम सुरू झाल्यावर रविवारी, पाणी सोयीचं असेल त्या वेळी, मी धक्क्याच्या टोकाला असते. निळी छत्री असते माझ्याकडे. गाडी घेऊन या, तुमच्या गाइडला मी पाऊणकी शिकवते.

आपली,
शिवडीची एक रहिवासी